घरी केलेल्या कोलॉयडल सिल्व्हरची तीव्रता मोजायला कोणता मीटर घ्यावा?

खटपट्या_सांगली

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवाटेचा आहे, पण इथे खटपटी लोक बरेच आहेत म्हणून विचारतो.

आबांच्या (वडील, वय ७१) सकाळच्या फिरण्याच्या कंपूत सध्या चांदीच्या पाण्याचं (त्यालाच कोलॉयडल सिल्व्हर म्हणतात) खूळ आलंय. चांदीच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी नव्हे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चांदीच्या दोन तारा सोडायच्या, त्यांना डीसी करंट द्यायचा आणि दीड तासाने जे तयार होतं ते रोज सकाळी अनशापोटी घ्यायचं. कंपूतल्या एकाच्या मुलाने अमेरिकेतून यंत्र पाठवलं, ते बघून दुसऱ्याने तसंच बनवून चौघांना वाटलं. त्यात आबा आले.

यंत्र म्हणजे २४ व्होल्टचा अडॅप्टर, करंट ५ मिलिअँपिअरच्या वर जाऊ न देणारं एक चिमुकलं सर्किट आणि ओळखीच्या सराफाकडून ओढून घेतलेल्या तारा. पाणी ३०० मिली. आबा रोज अर्धा कप घेतात, साधारण ७५ मिली.

प्यावं की पिऊ नये यावर घरात रोज वाजतंय, त्यात मी पडत नाही (आई समर्थ आहे). मला एवढंच हवंय की त्या पाण्यात चांदी नक्की किती आहे. कंपूतले एक गृहस्थ आरओवाल्यांकडे असते ती टीडीएसची पेन बुडवतात. ६ येतात. 'सहा पीपीएम (लिटरमागे सहा मिलिग्रॅम), एकदम सेफ' असा निकाल ते देऊन टाकतात. इकडे ५ मिलिअँपिअर आणि दीड तास धरून फॅरेडेच्या नियमाने हिशोब केला तर १०० पीपीएम निघतात. ६ आणि १०० यांचा मेळ कसा घालायचा? चांगला मीटर कोणता? बजेट तीन-चार हजार.

रिकामटेकडा_नाशिक

शीर्षक वाचून वाटलं चांदीचा भाव विचारताय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रयोगशाळेतली_मावशी

टीडीएसची पेन चांदी मोजत नाही. खरं तर ती क्षारही मोजत नाही. तिच्या दोन पिनांमधल्या पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच ती बघते. त्याला विद्युतवाहकता म्हणतात, एकक मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. मग पेन त्या आकड्याला एका ठरीव गुणकाने गुणते आणि 'पीपीएम' म्हणून दाखवते. पाण्यात जे काही आहे ते सगळं मीठच, असं धरून हा गुणक बहुतेक स्वस्त पेनांत ०.५ ठेवलेला असतो. काहींत ०.७ असतो. सभेतल्या गलक्यावरून सभेला पाटील किती आलेत ते सांगावं, तसला हा प्रकार.

म्हणजे तुमच्या ६ मागचा मूळ आकडा बहुधा १२ मायक्रोसीमेन्स आहे. पेनचा गुणक ०.७ असेल तर साडेआठ. पेनच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात बघा.

दुसरं, तारेतून सुटलेली चांदी पाण्यात दोन रूपांत असते. काही आयन (विद्युतभारित अणू) म्हणून विरघळलेली, काही बारीक कण म्हणून तरंगणारी. वीज नेतात ते आयन. कण मीटरला जवळजवळ दिसतच नाहीत. गंमत अशी की कोलॉयड म्हणायचं ते कणांना, म्हणजे ज्याच्या नावाने हे पाणी विकलं जातं नेमकं तेच मीटरच्या नजरेतून सुटतं. घरगुती पाण्यात सहसा आयनच जास्त असतात, पण किती जास्त ते दर वेळी बदलतं.

आता आयनांचं गणित. चांदीच्या आयनाची मोलर वाहकता (ठरावीक संख्येचे आयन किती वीज नेतात ते) २५ अंशांना ६२ च्या आसपास. त्याच्या जोडीला पाण्यात हायड्रॉक्साइड असेल तर त्याची १९८. या दोघांची बेरीज धरली तर १ पीपीएम चांदीमागे सुमारे २.४ मायक्रोसीमेन्स यायला हवेत. पण उघड्या भांड्यातलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि हायड्रॉक्साइडचं बायकार्बोनेट होतं. त्याची वाहकता ४४.५ च, म्हणून मग १ पीपीएममागे १ मायक्रोसीमेन्स. नेटवर '१ मायक्रोसीमेन्स म्हणजे १ पीपीएम' हा ठोकताळा फिरतो तो या दुसऱ्या टोकाला बसतो.

तुमचं कोरं पाणी (चांदी सोडण्याआधीचं) दीड मायक्रोसीमेन्स असेल असं धरू. १२ वजा दीड, साडेदहा. म्हणजे आयनरूपी चांदी साडेचार ते साडेदहा पीपीएमच्या मध्ये कुठेतरी. कणांचा हिशोब वेगळाच राहिला.

सर्किटराव

मावशींनी ६ ची वाट लावली, मी १०० ची लावतो.

५ मिलिअँपिअर ही तुमच्या सर्किटची कमाल मर्यादा आहे. करंट तेवढा वाहतोच असं नाही. डिस्टिल्ड वॉटर विजेला दाद देत नाही. दोन तारा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर अंतर, २४ व्होल्ट, असं असेल तर सुरुवातीला पाव मिलिअँपिअरसुद्धा जात नाही. चांदी सुटत जाते तशी वाहकता वाढते आणि करंट चढतो. तुमच्या दीड तासात तो पाचपर्यंत पोचलाच नसणार.

फॅरेडेचा हिशोब मात्र घरात बसून करता येतो त्यातला सगळ्यात भरवशाचा. १ मिलिअँपिअर एक तास वाहिला की ४.०२५ मिलिग्रॅम चांदी सुटते. हा आकडा लिहून भिंतीवर चिकटवा. त्यासाठी मीटर हवा तो आपला साधा मल्टिमीटर. तारेच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर टाका आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा. जितके व्होल्ट तितके मिलिअँपिअर. दर पंधरा मिनिटांनी नोंद करा, बेरीज करा, लिटरने भागा.

पुढच्या वेळी सर्किटच नवं करायचं तर एलएम३३४ हा आयसी (चिप) घ्या, तो मायक्रोअँपिअरपासून १० मिलिअँपिअरपर्यंत करंट धरून ठेवतो. एलएम३१७ ने करायचे व्हिडिओ दिसतील, पण इतक्या कमी करंटला तो धड चालत नाही, त्याला स्वतःलाच काही मिलिअँपिअर लागतात. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत मिळून जाईल.

आरोग्यधन

इतका कीस कशाला पाडायचा? मी स्वतः अनेक वर्षं घेतोय, सर्दी नाही की ताप नाही. टीडीएस मीटरवर १० च्या खाली असलं की निर्धास्त प्यायचं, हा सगळ्या ग्रुप्समध्ये मान्य असलेला नियम आहे. कातडी निळी पडते ती क्षारवाल्या भेसळ चांदीने. शुद्ध तारेच्या चांदीने काही होत नाही. आपले पूर्वज चांदीच्या ताटात जेवत होते ते काय वेडे होते?

प्रयोगशाळेतली_मावशी

ताटातून चांदी पाण्यात उतरत नाही म्हणण्याइतकी कमी उतरते, म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या तेच ताट पुरलं. त्याचा इथे संबंध नाही.

आणि 'मीटरवर १०' हा नियमच पोकळ आहे. ०.५ गुणकाच्या पेनवर १० म्हणजे २० मायक्रोसीमेन्स. त्यात आयन ८ पीपीएम असू शकतात, १९ असू शकतात. वर कण किती ते पेनला ठाऊक नाही.

हौशी_प्रयोगी

मावशी म्हणतात ते डोळ्यांनी बघायचं असेल तर: तयार पाण्यात सोड्याचा कण आणि ग्लुकोजचा थेंब टाकून गरम करा. आयनांचे कण होतात आणि पाणी बघता बघता पिवळं होतं, बासुंदीवरच्या केशरासारखं. चांदी एक मिलिग्रॅमसुद्धा कमी झालेली नसते, पण कणांत गेलेली चांदी मीटरच्या हिशोबातून बाद. उलट सोड्यामुळे मीटरवर जो आकडा चढतो त्याचा चांदीशी काही संबंध नाही. हे 'पिवळं म्हणजे अस्सल' म्हणून विकणारेही आहेत, आणि तेच लोक टीडीएसची पेन भेट देतात!

पिवळा रंग का, तर काही नॅनोमीटरचे चांदीचे कण ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात. त्यावरून स्पेक्ट्रोफोटोमीटरने कणांचा अंदाज करता येतो. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, घरी नाही.

लेझर पॉइंटरची चाचणी मी केलीय. स्वयंपाकघरातला दिवा घालवला, काचेच्या ग्लासातून लाल किरण सोडला. कोऱ्या पाण्यात तो ग्लासच्या दोन्ही भिंतींवर ठिपका होऊन दिसतो, मध्ये काही नाही. चांदीच्या पाण्यात एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सरळ लाल दोरा. बघायला झकास. पण त्यावरून कण आहेत एवढंच कळतं, किती ते नाही. थोडे मोठे कण खूप उजळ दिसतात आणि भरपूर बारीक कण दिसतही नाहीत.

सुप्रिया_क्लीव्हलंड

मी इथे अमेरिकेत फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे. खटपट्या, तुम्ही 'प्यावं की नाही' या वादात पडत नाही म्हणालात, पण आकडा शेवटी त्याचसाठी हवाय, म्हणून लिहिते.

हे खूळ मूळचं इथलंच. एफडीएने (इथलं अन्न-औषध प्रशासन) १९९९ मध्ये नियम काढून सांगितलं की कोलॉयडल सिल्व्हर किंवा चांदीचे क्षार असलेली, चिठ्ठीशिवाय विकली जाणारी कुठलीही औषधं सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत. तरी पूरक आहाराच्या नावाखाली विक्री चालूच राहिली. मार्च २०२० मध्ये कोविड बरा होतो म्हणून चांदीचं पाणी वगैरे विकणाऱ्या सात विक्रेत्यांना एफडीए आणि एफटीसीने (इथला व्यापार आयोग) ताकीदपत्रं पाठवली, त्यात एक टीव्हीवरचे धर्मोपदेशकही होते.

'शुद्ध तारेच्या चांदीने काही होत नाही' याला उत्तर म्हणजे मोंटानाचे स्टॅन जोन्स. २००२ मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे सिनेटची निवडणूक लढले. वायटूकेनंतर (२००० साल लागताना संगणक बंद पडतील अशी हवा होती) अँटिबायोटिक मिळणार नाहीत या भीतीने १९९९ पासून ते घरीच हे पाणी करून पीत होते. कातडी राखाडी-निळी झाली आणि तशीच राहिली. त्याला आर्जिरिया म्हणतात. शरीरात गेलेली चांदी त्वचेत साठते, उन्हाने तिथेच काळवंडते. म्हणून चेहरा, हात, नखांखालची जागा आधी. विशिष्ट लेझरने काही जणांना फरक पडलाय, पण क्रीम लावून, गोळी घेऊन जात नाही. पिण्यात आयन गेले की कण, याने कातडी वाचत नाही.

चांदी औषधात मुळीच नाही असं नव्हे. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम आम्ही देतो. ते वरून लावायचं असतं.

प्रमाणाचं म्हणाल तर इथल्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्था) आर्जिरिया होऊ नये म्हणून धरलेली मर्यादा किलोमागे रोज ५ मायक्रोग्रॅम आहे. तुमच्या आबांचं वजन ६५ किलो धरलं तर ३२५ मायक्रोग्रॅम. आता ७५ मिलीने गुणून बघा तुमच्याकडे जो काही आकडा येईल तो.

आणखी एक विचारते. आबांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? थायरॉइडची? कुठलं अँटिबायोटिक?

खटपट्या_सांगली

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं.

सर्किटराव, रेझिस्टर घालून नोंद घेतली. सुरुवातीला ०.२ मिलिअँपिअर, मग दर पंधरा मिनिटांनी ०.५, ०.८, १.१, १.३, १.५ आणि दीड तासाला १.६. सगळं मिळून दीड मिलिअँपिअर-तासाच्या किंचित वर. ४.०२५ ने गुणलं, ६.१ मिलिग्रॅम. ३०० मिलीत म्हणजे २०.५ पीपीएम. पाच मिलिअँपिअरचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

ऋण तारेवर करड्या रंगाचा कापसासारखा फुलोरा येतो, तळाशी थोडी काळी भुकटीही बसते. ती चांदी यातून वजा करायची ना?

सुप्रियाताई, आबांना थायरॉक्सिन चालू आहे, ७५ ची. सकाळी उठल्या उठल्या घेतात आणि त्यावरच हे पाणी.

सुप्रिया_क्लीव्हलंड

हेच विचारायचं होतं. चांदी थायरॉक्सिनचं शोषण अडवते. क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन गटातल्या अँटिबायोटिकांचंही तसंच. गोळी वेळेवर घेतली तरी पूर्ण अंगी लागत नसणार. हे पाणी सुरू केल्यानंतर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलाय का? केला नसेल तर तुमच्या तिथल्या डॉक्टरांना हे पाणी घेतो असं स्पष्ट सांगून करून घ्या. बहुतेक म्हातारी माणसं डॉक्टरांना हे सांगतच नाहीत, घरगुती आहे त्यात काय सांगायचं म्हणून. आणि डोस डॉक्टरांनी वाढवायच्या आधी हे पाणी बंद करायला हवं, नाहीतर नंतर पाणी सोडल्यावर वाढवलेला डोस जास्त होईल.

सर्किटराव

हो, फुलोरा आणि भुकटी वजा. म्हणून २०.५ ही कमाल मर्यादा समजा. त्याच्यावर जाणं शक्य नाही, खाली किती ते तारांच्या सफाईवर. फुलोरा हलवलात तर तो पाण्यात पडतो आणि मोठमोठे कण वाढवतो. मध्येच दोन्ही टोकांची अदलाबदल करणारी सर्किटं असतात ती याचसाठी.

सोनारबाप्पा

आमच्या धंद्यातला माणूस म्हणून दोन पैसे टाकतो. तारेचं वजन आधी आणि नंतर करा असं कुणीतरी सुचवणारच, तर सांगून ठेवतो, एका वेळचं वजन आमच्या दुकानातल्या काट्यावर कळणार नाही. तुमची घट ६ मिलिग्रॅमची. आमचे बरेच काटे १० मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतात, १ मिलिग्रॅमवाला असला तरी पंख्याच्या वाऱ्याने आकडा नाचतो. त्यापेक्षा धन तार एकदा वजन करून ठेवा, पाण्याचे बरेच घाणे (खेपा) काढा, मग पुसून, वाळवून परत वजन करा आणि सरासरी काढा. ती धन बाजूलाच राहील अशी खूण मात्र करून ठेवा.

आणि तार. 'ओळखीच्या सराफाकडची' म्हणजे किती टक्के? दागिन्याची चांदी ९२५ असली तर त्यात साडेसात टक्के दुसरा धातू, सहसा तांबं, आणि तेही पाण्यात उतरणार. हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्सआरएफ मशीनवर (क्ष-किरणांनी शुद्धता सांगणारं) तपासून घ्या, मिनिटाचं काम आहे. तारेला डाग (झाळून केलेला जोड) दिलेला असेल तर तो भाग पाण्यात अजिबात नको, डागात काय काय असतं ते आम्हालाच माहीत.

रिकामटेकडा_नाशिक

बाप्पा, अवांतर विचारतो. काजूकतलीवरचा वर्ख खाऊन आपण सगळे निळे का नाही झालो?

सोनारबाप्पा

वर्ख किती पातळ असतो बघितलंय का? फुंकर मारली तर उडतो. एफएसएसएआयच्या (आपली अन्नसुरक्षा संस्था) नियमात वर्खाची शुद्धता ९९.९ टक्के लागते आणि वजन एका चौरस मीटरला २.८ ग्रॅमपर्यंत. तुम्ही एका कतलीवरचा तुकडा खाता, तोही दिवाळीला. शिवाय तो धातूचा पत्रा, पाण्यात उतरलेली चांदी नव्हे. (तुमच्याबाबतीत मात्र डबाभर कतली धरायला हवी.)

प्रयोगशाळेतली_मावशी

मीटरचा मूळ प्रश्न मागे पडतोय म्हणून लिहिते.

घ्यायचाच असेल तर टीडीएस नको, विद्युतवाहकतेचा घ्या, ज्याच्यावर मायक्रोसीमेन्स थेट दिसतात. आणि शुद्ध पाण्यासाठी केलेला घ्या. तुमचं सगळं काम ० ते ३० च्या आत चालणार आहे. आरओवाली पेन एक एक पीपीएमने उडी मारते, म्हणजे दोन दोन मायक्रोसीमेन्सने. तिच्यावर ६ दिसलं तर खरं ५.६ आहे की ६.४ हे कळायला मार्ग नाही. हॅनाचा पीडब्ल्यूटी नावाचा हातातला मीटर ९९.९ पर्यंतच मोजतो पण ०.१ च्या पायरीने, या कामाला तो माप घेऊन शिवल्यासारखा आहे. तुमच्या चार हजारांत बसेल असं नाही. एचएम डिजिटलचा कॉम-१०० मायक्रोसीमेन्स दाखवतो आणि गुणकही निवडू देतो.

विकत घेताना सोबत कॅलिब्रेशनचं द्रावण कोणतं मिळतं ते विचारा. बहुतेक जण १४१३ मायक्रोसीमेन्सचं देतात. त्याने जुळवलेला मीटर १० च्या आसपास काय दाखवेल त्याचा भरवसा नाही, मुंबई-पुण्याचं अंतर मोजायच्या पट्टीने कापड मापू नये. ८४ मायक्रोसीमेन्सचं मागा. तापमानाची दुरुस्ती मीटरमध्येच असलेला घ्या, कारण दर अंशाला वाहकता साधारण दोन टक्क्यांनी बदलते आणि सांगलीचा मे आणि डिसेंबर यांत किती फरक असतो ते तुम्हाला सांगायला नको.

मोजताना आधी कोरं पाणी मोजून लिहा. तेच ५ च्या वर असेल तर पाणी बदला. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं ते कधी चांगलं असतं, कधी नळाच्या पाण्याहून जेमतेम बरं. नळाचं तर अजिबात नको, क्लोराइडमुळे चांदी पांढुरकी होऊन खाली बसते आणि मीटर भलतंच सांगतो. मीटरचं टोक त्याच पाण्याने दोनदा विसळा, बुडबुडा अडकलाय का बघा. यंत्र चालू असताना बुडवू नका, करंट मीटरच्या पिनांतून जाऊन आकडा बिघडतो. दुसऱ्या दिवशी परत मोजलंत तर आकडा थोडा उतरलेला असेल. काही आयन काचेला चिकटतात, काही प्रकाशाने कण होतात.

एवढं सगळं करून तुम्हाला मिळेल तो रोजच्या रोज पाणी एकसारखं होतंय की नाही याचा अंदाज. चांदी किती, हे तो मीटर सांगणार नाही. ते हवं तर प्रयोगशाळाच.

खटपट्या_सांगली

प्रयोगशाळेत कसलं टेस्टिंग मागायचं? फोन केला तर 'पिण्याच्या पाण्याचं पॅकेज घ्या' म्हणतात.

प्रयोगशाळेतली_मावशी

पॅकेज नको. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेली, धातूंची तपासणी करणारी शोधा आणि फक्त 'एकूण चांदी' मागा, आयसीपी-एमएस, आयसीपी-ओईएस किंवा एएएस या धातू मोजणाऱ्या यंत्रांपैकी कशावरही. तीन गोष्टी त्यांना आधीच सांगा. एक, नमुना नायट्रिक आम्लात शिजवून घ्या, म्हणजे कणसुद्धा विरघळून मोजले जातील. हायड्रोक्लोरिक घातलं तर चांदी क्लोराइड होऊन बसेल आणि निकाल कमी येईल. दोन, अंदाजे २० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. त्यांची नेहमीची तयारी पिण्याच्या पाण्याची असते. आयएस १०५०० मध्ये (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) चांदीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, त्या मापावर तुमचा नमुना पातळ न करता घातला तर यंत्राचं डोकं फिरेल. तीन, बाटली प्लास्टिकची, काळ्या कागदात गुंडाळलेली, आणि आम्ल टाकून पाठवायची की कोरी ते त्यांनाच विचारा.

आरोग्यधन

०.१? म्हणजे आम्ही सगळे विष पितोय म्हणा की. मग कुंभाराच्या मातीच्या फिल्टरला चांदी लावतात ती कशी चालते? मोठमोठ्या संस्था वापरतात.

हौशी_प्रयोगी

चालते, कारण तिथे चांदी मातीत बसलेली असते आणि पाण्यात उतरते ती फार थोडी. पॉटर्स फॉर पीस या संस्थेचे फिल्टर तसेच असतात. जंतू वाढू नयेत म्हणून भांड्याला लावलेली चांदी वेगळी, ती अर्धा कप पिणं वेगळं. विष वगैरे कुणी म्हटलेलं नाही, तुम्ही ७५ मिलीत किती मिलिग्रॅम घेताय एवढंच विचारतोय. तुमचा आकडा सांगा ना. पेनचा नको.

आरोग्यधन

माझा अनुभव हाच माझा आकडा. इथून पुढे या धाग्यावर लिहिणार नाही.

खटपट्या_सांगली

रिपोर्ट आला. एकूण चांदी १६.४ मिलिग्रॅम प्रति लिटर. त्याच घाण्याचे बाकीचे आकडे: आरओवाली पेन ६, ऑफिसातल्या मित्राकडून आणलेला वाहकतेचा मीटर १२.३ (कोरं पाणी १.४), करंटच्या नोंदीवरून कमाल २०.५. तार एक्सआरएफवर ९९.८ निघाली.

सुप्रियाताईंच्या हिशोबाने ७५ मिलीत १.२३ मिलिग्रॅम, म्हणजे ३२५ मायक्रोग्रॅमच्या पावणेचारपट. पेनवाल्या काकांच्या सहा पीपीएमवर हेच ०.४५ निघालं असतं, तरीही मर्यादेच्या वरच. म्हणजे 'एकदम सेफ' हे त्यांच्या स्वतःच्या आकड्यानेही बसत नव्हतं. हे मी त्यांना कट्ट्यावर कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, तुझी लॅब काय, पैसे दिले की काहीही लिहून देते.

आबांचा टीएसएच वाढलेला आला. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवून पाणी बंद करायला सांगितलंय, सहा आठवड्यांनी परत तपासणार. आबा माझं ऐकत नव्हते, थायरॉइडचा रिपोर्ट बघून ऐकलं. कंपूतले बाकीचे तिघे घेतायत.

सर्किटराव

२०.५ आणि १६.४. बाकीची फुलोऱ्यात गेली, बरोबर. साधा मल्टिमीटर वीस-पंचवीस टक्क्यांत पोचला, आणि पेन तिसऱ्या हिश्श्यावर. आता मीटर घ्यायची गरज उरली का?

खटपट्या_सांगली

नाही घेत. उरलेलं दोन बाटल्या पाणी आहे, त्याचं काय करू? बहिणीच्या फिशटँकमध्ये बुरशी आलीय, तिथे टाकू का?

प्रयोगशाळेतली_मावशी

अजिबात नको! विरघळलेली चांदी माशांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त बाधते. कल्ल्यांवर परिणाम होतो. एका पीपीएमचा छोटासा अंशही पुरतो. चिमूटभर मीठ टाकून अंधारात ठेवा, पांढरा साका बसेल, तो गाळून सोनारबाप्पांना द्या.

सोनारबाप्पा

दोन बाटल्यांत किती, तीसेक मिलिग्रॅम? आणून द्या, चहा पाजतो. चांदीत नफा नाही त्यात.

वैभव_मिरज

धागा उशिरा वाचला. खटपट्या, तो मित्राचा वाहकतेचा मीटर अजून तुमच्याकडे आहे का? इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मी गॅरेजमधून जे पाणी आणतो त्याचा मला संशय आहे, प्लेटा लवकर पांढऱ्या पडतात. बाटलीवर 'डिस्टिल्ड' लिहिलंय.

खटपट्या_सांगली

आहे, रविवारपर्यंत. बाटली घेऊन या. पण विसळायला दुसरं चांगलं पाणीही आणा, माझ्याकडचं संपलं.